लिथियमची गोळी आणि सोलापूरचं ऊन: बायपोलरचं औषध वर्षानुवर्षं नीट चालवण्यासाठी

बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद (मन अति चढलेलं) तर कधी नैराश्य आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं, डॉक्टरांनी मूड स्थिर ठेवणारी गोळी लिहून दिली आणि "ही बराच काळ घ्यावी लागेल" असं सांगितलं, की पुढचे काही आठवडे डोक्यात नुसते प्रश्न असतात. मी त्यातून गेले आहे. अनेक वर्षं लिथियम घेते, सोलापुरातच राहते, नोकरीही इथलीच. दवाखान्यात गर्दीच्या वेळी जे सांगून होत नाही, ते इथे सविस्तर लिहिते. कोणतं औषध आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांनी ठरवलेलं औषध घरात, कामावर, उन्हात आणि सणावारात कसं सांभाळायचं, एवढाच माझा विषय.

लिथियम लक्ष मागतं. पाणी, मीठ, रक्ततपासणी आणि झोप सांभाळली तर ते वर्षानुवर्षं चांगलं चालतं. आपल्याकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी एप्रिल-मेमध्ये फार बिघडतात, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. तुमची गोळी नेमकी कोणती, ते ओळखा

चिठ्ठीवर बहुतेकदा कंपनीने दिलेलं नाव असतं. गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते शोधा आणि वहीत लिहून ठेवा. प्रत्येक औषधाची काळजी वेगळी आहे.

लॅमोट्रिजिन असेल तर डोस फार हळूहळू वाढवतात, साधारण दर दोन आठवड्यांनी. लवकर फरक पडावा म्हणून स्वतःहून वाढवू नका. अंगावर पुरळ आलं, त्यातही ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सलग पाच दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुन्या डोसवर थेट परत जायचं नसतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. व्हाल्प्रोएट किंवा डायव्हाल्प्रोएक्स असेल तर यकृताची तपासणी, प्लेटलेट आणि वजन यांकडे लक्ष हवं. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन यांनी वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. ऑक्सकार्बाझेपिन आणि कार्बामाझेपिन यांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. कार्बामाझेपिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही घटतो, हे बायकांना आवर्जून सांगायला हवं.

लिथियमची गोळी म्हणजे मुळात एक क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावरच्या त्याच्या उपयोगाबद्दल लिहिलं, आणि आजही बायपोलरसाठी ते पहिल्या रांगेतलं औषध आहे. उन्माद-नैराश्याचे पुन्हापुन्हा येणारे झटके ते कमी करतं. आत्महत्येचा धोकाही त्याने घटतो असं अभ्यासांत दिसलं आहे. माझ्यासाठी तेवढं एक कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम या दोघांना जवळजवळ सारखीच वागणूक देतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण चढतं.

२. कुठे दाखवायचं आणि काय न्यायचं

सरकारी उपचारासाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. ते वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. ओपीडीचे वार आणि वेळ केस पेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्या. खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावं की दोन भेटींच्या मध्ये अडचण आली तर फोन कोणाला करायचा. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पिशवीत हे असू द्या:

- आधार कार्ड आणि जुने सगळे केस पेपर, डिस्चार्ज कार्ड
- चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं पाठ असली तरी पट्टीच न्या)
- बीपी, थायरॉइड, साखर, सांधेदुखी यांच्या गोळ्या आणि घरगुती काढा किंवा चूर्ण घेत असाल तर तेही
- घरात कोणाला असा आजार, आत्महत्येचा प्रयत्न किंवा मूत्रपिंडाचा त्रास होता का, याची नोंद
- झोपेची वही, म्हणजे रोज किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात आणि मन कसं होतं, एवढं एका ओळीत

शेवटच्या नोंदीला लोक कमी लेखतात. डॉक्टरांना मात्र तिचा फार उपयोग होतो, कारण उन्मादाची पहिली खूण बहुतेकदा झोपेत दिसते. माणूस तीन तास झोपतो आणि तरीही ताजातवाना उठतो. त्याला स्वतःला तेव्हा सगळं छानच चाललंय असं वाटत असतं.

३. गोळी सुरू होण्याआधीच्या तपासण्या

लिथियम सुरू करण्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, कॅल्शियम आणि वजन एवढं तरी पाहतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी काढतात. बाळंतपणाच्या वयातल्या बाईची गर्भचाचणी करतात. डॉक्टरांनी यातलं काही लिहिलं नसेल तर नम्रपणे विचारा. हे पहिले अहवाल जपून ठेवा. पाच वर्षांनी क्रिएटिनिन वाढलं का, हे ठरवायला तेच लागतात.

४. लिथियम लेव्हल: वेळ चुकली तर अहवाल चुकतो

रक्तात लिथियम किती आहे हे मोजणं या उपचाराचा कणा आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते बहुधा ०.६ ते ०.८ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर ठेवतात, काहींना १.० पर्यंत लागतं. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारून फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासणी, मग स्थिर होईपर्यंत थोड्या थोड्या दिवसांनी, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे सगळं ठीक असेल तर दर सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियमही सहा महिन्यांनी करतात.

नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचा. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त. सकाळीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्या, म्हणून डबी सोबत न्या. सकाळची गोळी खाऊन रक्त दिलं की आकडा खोटा चढलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभरात मन घसरतं. नुसत्या लिथियमसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. त्याच वेळी साखर किंवा कोलेस्टेरॉल असेल तरच उपाशी जा, पण पाणी प्या.

आणखी एक फसगत लॅबमध्येच होते. रक्त घ्यायच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिन नावाचा पदार्थ आधीच असतो. त्या नळीत नमुना घेतला तर आकडा भलताच जास्त येतो. सुई टोचण्याआधी "लिथियमची तपासणी आहे, हेपरिनची नळी नको" एवढं सांगा. लहान लॅब हा नमुना बाहेर पाठवतात, त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी रक्त द्या.

५. उन्हाळा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली शिवणकाम करणाऱ्यांच्या खोलीत आणि बांधकामावर त्याहून वाईट असतं. घामाने पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि वर लिहिल्याप्रमाणे मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं.

पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हृदय आणि मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसाला साधारण अडीच-तीन लिटर लागतं, उन्हात काम असेल तर अधिक. बाटली मोजून भरा, अंदाजावर सोडू नका. सोबत मीठ हवंच. घामाघूम झाल्यावर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरं. जेवणातलं मीठ रोज साधारण सारखं ठेवा. घरात कोणाला बीपी निघाला म्हणून सगळ्यांचा स्वयंपाक एकदम अळणी केला, किंवा कमी सोडियमचं मीठ आणलं, तरी तुमची लेव्हल चढू शकते. असा बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, मध्ये एक तपासणी करून करा.

बायकांसाठी वेगळं सांगते. लिथियमने तहान आणि लघवी वाढते. कारखान्यात, शाळेत, बाजारात, एसटीच्या प्रवासात स्वच्छतागृह नसतं, म्हणून आपण पाणीच पीत नाही. हे अगदी सवयीचं झालेलं असतं आणि लिथियमवर असताना ते धोक्याचं आहे. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना आजाराचं नाव न सांगताही "औषधामुळे पाणी जास्त लागतं, मधून मधून जावं लागेल" असं सांगता येतं. रात्रीतून तीन-चारदा उठावं लागत असेल तर पाणी न तोडता डॉक्टरांना सांगा. डोस, गोळीची वेळ आणि मूत्रपिंड यांचा विचार ते करतात.

नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून ते साठवावं लागतं. साठवलेल्या पाण्याने पोट बिघडलं, जुलाब-उलट्या झाल्या, की लिथियम घेणाऱ्याला दुप्पट त्रास. पिण्याचं पाणी उकळून किंवा फिल्टर करून झाकून ठेवा. "उलट्या-जुलाब किंवा जोराचा ताप आला तर लिथियम थांबवू का, केव्हा परत सुरू करू?" हा प्रश्न डॉक्टरांना आजच विचारा आणि उत्तर लिहून घ्या. साधारणपणे गोळी तात्पुरती थांबवून लगेच संपर्क करायला सांगतात. पण तुमचं उत्तर तुमच्याच डॉक्टरांचं हवं.

गोळ्यांची डबी पत्र्याच्या कपाटावर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतल्या खोलीतला सावलीचा कोनाडा चांगला.

६. उपास, रोजे आणि तुळजापूरची वाट

निर्जळ उपास लिथियमवर असताना करू नये. एकादशीला पाणी, ताक, मिठाची भगर-आमटी घेऊन उपास करता येतो, सैंधव चालतं. रमजानचे रोजे धरायचे असतील तर महिना सुरू होण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांशी बोला. रोजे उन्हाळ्यात आले तर दिवस लांब असतो आणि तहान मोठी असते. गोळीची वेळ आणि तपासणी नव्याने बसवावी लागते, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर ते ऐका.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारे हजारो लोक असतात. रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा. ही वाट मला फार प्रिय आहे, तरी सांगते की बायपोलरच्या माणसाला त्यात घामापेक्षा जागरणाचा धोका मोठा. एका रात्रीचं जागरणही काही जणांना उन्मादाकडे ढकलतं, आणि त्याआधी नवरात्राचे नऊ दिवस झोप कमी झालेलीच असते. जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारा, दिवसाउजेडी टप्प्याटप्प्याने चाला, रात्री झोपा, गोळी वेळेवर घ्या. नाहीतर गाडीने जाऊन दर्शन घ्या. गड्ड्याची जत्रा, लग्नाचा हंगाम, रात्रपाळी यांनाही हेच लागू.

देवाला, दर्ग्याला जाण्यावर कुठलाच डॉक्टर आक्षेप घेत नाही. कोणी "गोळ्या सोड, मग गुण येईल" म्हणालं तर मात्र तिथून उठा.

७. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्या

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गुडघा दुखला, चिकुनगुनियाने सांधे धरले, पाळीत पोट दुखलं, की आपण मेडिकलमधून गोळी आणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधं लिथियमची लेव्हल वाढवतात. जोडगोळीत ती लपलेली असतात, म्हणून पट्टीमागचं नाव वाचा. दुखण्या-तापासाठी नुसतं पॅरासिटामॉल सुरक्षित, तेही सांगितलेल्या प्रमाणात.

बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड यांनी लेव्हल चढते. बीपीच्या अनेक जोडगोळ्यांत यातली दोन-दोन एकत्र असतात. बीपीवर उपचार हवाच, फक्त फिजिशियनना पहिल्या वाक्यात "मी लिथियमवर आहे" सांगा. दाताचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, सगळ्यांना सांगा.

८. ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही

बोटांना बारीक कंप, थोडी तहान, सुरुवातीची मळमळ हे नेहमीचं आहे. पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. पण हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, सतत उलट्या-जुलाब, गुंगी, गोंधळून जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच अपघात विभागात जा. गोळ्यांची पट्टी सोबत न्या, लिथियम लेव्हल करायला सांगा. १.५ च्या वर आकडा गेला की धोका असतो. मात्र वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना त्याखालीही त्रास होऊ शकतो, म्हणून आकड्याची वाट न पाहता लक्षणांवरून निघा. तोल जाणारा माणूस "प्यायलेला दिसतोय" म्हणून बाजूला बसवला जाण्याची शक्यता असते. सोबतच्याने औषधाचं नाव ठणकावून सांगावं.

ही यादी घरातल्यांना समजेल अशा भाषेत लिहून भिंतीला लावा. शहराच्या पूर्व भागात घरातली वडील माणसं तेलुगू बोलतात, अक्कलकोट बाजूला कन्नड. औषधावर नजर ठेवणारी आजी मराठी वाचत नसेल तर तिच्या भाषेत लिहा.

९. बरं वाटू लागल्यावर

वर्षभर सगळं छान गेलं की घरातलेच म्हणू लागतात, "आता कशाला गोळ्या? किडनी खराब होईल." किडनीवर परिणाम होऊ शकतो, थायरॉइडही मंदावू शकतं, म्हणूनच तपासण्या आहेत. त्यांत बदल लवकर कळतो आणि उपाय करता येतो. लिथियम एकदम बंद केलं तर उन्माद परत येण्याचा धोका मोठा असतो आणि तो बऱ्याचदा लवकर येतो. बंद करायचंच ठरलं तर डॉक्टर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू कमी करतात.

गोळी विसरली तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नका. सात खणांची डबी रविवारी भरा. पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणा, कारण लिथियम प्रत्येक मेडिकलमध्ये असतंच असं नाही. कंपनी बदलली, किंवा साध्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी मिळाली, तर डॉक्टरांना कळवा. हळूहळू विरघळणारी गोळी चुरून किंवा चावून घेऊ नका. सोबतच्या बाकीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात विचारा, खर्चात मोठा फरक पडतो.

नैराश्य आलं म्हणून जुन्या चिठ्ठीवरची नैराश्याची गोळी स्वतःहून सुरू करू नका, ती एकटी घेतली तर मन उलट उन्मादाकडे जाऊ शकतं. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ लावा.

१०. बाळाचा विचार असेल तर

लग्न ठरतानाच किंवा दिवस राहण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोला. व्हाल्प्रोएटने बाळात व्यंग आणि पुढे बौद्धिक वाढीच्या अडचणी येण्याचा धोका मोठा असल्याने बाळंतपणाच्या वयात ते शक्यतो टाळतात. लिथियमने पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाचा धोका थोडा वाढतो, तो डोसवर अवलंबून असतो. दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळी फेकून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा. बाळंतपणानंतरचे आठवडे आजार उलटण्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. त्या काळात रात्रीचं बाळ कोण सांभाळणार, हे सासर-माहेरने आधीच ठरवावं.

११. कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. तुम्ही स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा उपचारांबाबत तो तुमची बाजू पाहतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा दिला की झालं, फक्त तो माणूस सज्ञान आणि तयार हवा. मन शांत असतानाच हे करा. याच कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी लागते, त्यामुळे दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आजारामुळे कामात मोठी अडचण राहत असेल तर अपंगत्व प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही धरला आहे, आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे सलग कागद सोबत ठेवा. सलग कागद नसतील तर जिथे दाखल होता तिथे तुमच्या नोंदींची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.